विश्लेषण : घरात सायकल चालवताना गुडघा, पाठ का दुखते? दोष ट्रेनरचा की सीटच्या उंचीचा?

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. सायकलस्वारांना हवा तसा रस्ता मिळाला. पण वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सकाळी आठलाच ऊन चटके देऊ लागते. उन्हाळ्यात सराव टिकवण्याचा एक उपाय म्हणजे घरातला ट्रेनर. अडचण अशी, की रस्त्यावर दोन तास न दुखणारे गुडघे, मनगटे आणि बैठक घरात अर्ध्या तासात बोलू लागतात. मग खापर फुटते ते ट्रेनरवर.

ट्रेनरवर दुखणे का वाढते?

रस्त्यावर सायकल डोलते. खड्डा आला की स्वार सीटवरून उठतो, उतारावर पाय थांबवतो, वळणावर अंग झुकवतो. या प्रत्येक हालचालीत दाब क्षणभर हलका होतो. ट्रेनरवर मागचे चाक जखडलेले असते किंवा काढून ठेवलेले असते. सायकल जागची हलत नाही आणि पेडल थांबत नाही. त्यामुळे दाब एकाच जागी पडत राहतो. सीट थोडी चुकीची असली तरी रस्ता ते झाकून घेतो. ट्रेनर उघडे पाडतो.

सीटची उंची किती असावी?

सोपी चाचणी अशी : सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा. मग पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. दुसरी पद्धत मापाची. जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची ०.८८३ ने गुणावी. ती ८० सेंटिमीटर असेल, तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत सुमारे ७०.६ सेंटिमीटर अंतर येते. हा आकडा फक्त सुरुवातीसाठी. पुढचे बदल एका वेळी दोन-तीन मिलिमीटरचेच करावेत.

कोणते दुखणे काय सांगते?

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. मागच्या बाजूला दुखत असेल किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर ती वर आहे. हाताला मुंग्या येणे म्हणजे हँडल लांब किंवा फार खाली असणे, अथवा सीटचे टोक खाली झुकलेले असणे. जांघेत बधिरपणा येत असेल तर सीटचे टोक वर उचललेले आहे का, ते आधी पाहावे. चाक घासून फिरणाऱ्या ट्रेनरवर मागचे चाक थोडे उचलले जाते. पुढच्या चाकाखाली ठोकळा दिला नाही तर शरीराचा भार हातांवर येतो. बदल करूनही दुखणे राहिले तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठावा.

कुलर लावावा का?

घरात समोरून वारा येत नाही. घाम साचतो, कातडी घासते आणि बैठकीवर फोड येतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कुलर उत्तम. पण पावसाळ्यात तोच कुलर दमटपणा वाढवतो आणि घाम वाळत नाही; तेव्हा नुसता पंखा बरा. पॅडची शॉर्ट्स आतल्या कपड्यांशिवाय घालावी, दर आठ-दहा मिनिटांनी अर्धा मिनीट उभे राहून पेडल मारावे आणि हँडलवर टॉवेल टाकावा. खारट घामाने बोल्ट गंजतात.

मग करायचे काय?

दुखणे सोसणे म्हणजे जिद्द, हा समज आधी सोडायला हवा. दुखऱ्या गुडघ्याने तासभर रेटणारा स्वार पुढच्या महिन्यात सायकलच सोडून देतो आणि महागडा ट्रेनर कपडे वाळवायच्या कामी येतो. हजारो रुपये मोजण्याआधी एक टेप, एक अ‍ॅलन-की आणि बाजूने व्हिडिओ काढणारा मोबाइल एवढे पुरते.

दुकानदारांनीही सायकल विकताना ग्राहकाची उंचीच नव्हे, तर पायाचे माप घ्यायला हवे. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षणाचे काम करत आहे. शरीर जाणणारी माणसे गावातच आहेत. उन्हाळी शिबिरांत सीट लावून देण्याचा एक तास ठेवला, तर अमरावती-अकोल्याच्या स्वारांना त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागणार नाही. कुस्तीत जसा आधी पवित्रा शिकवतात आणि मग डाव, तसेच सायकलचे : आधी बैठक, मग वेग.