अतिक्रमण वेगळं, उपद्रव वेगळा



सोसायट्यांमधून आपल्या बायकांची एक तक्रार हल्ली सारखी कानावर येते. शेजारी मासे तळतात, वास घरात येतो, म्हणजे आमच्या घरावर हे अतिक्रमणच! भावना मला कळते, माझ्या घरात कांदा-बटाटाही येत नाही. पण शब्द चुकतोय, आणि शब्द चुकला की तक्रारही फसते.

बी.कॉम.ला आम्हाला मर्कंटाइल लॉ होता. त्यात करार होते, खरेदी-विक्री होती, शेजारी नव्हते! ते मी नंतर वाचून समजून घेतलं. परवानगीशिवाय कुणी आपल्या जागेत शिरलं किंवा काही टाकलं, की ते अतिक्रमण. नुकसान किती झालं हे दाखवावं लागत नाही. वरच्या बाईंनी मुद्दाम आपल्या गॅलरीत बादली ओतली, तर ते अतिक्रमण. त्यांच्या एसीचं पाणी महिनोन्‌महिने ठिबकून आपल्या भिंतीला ओल आली, तर तो उपद्रव, म्हणजे न्यूसन्स. वास, धूर, आवाज सगळं याच खात्यात जमा. इथे मात्र त्रास सिद्ध करावा लागतो, आणि तो साधारण माणसालाही झाला असता असा हवा. एखाद्याच्या हळव्या मनाचं माप कोर्ट लावत नाही.

१९७५ सालचा ‘जय संतोषी माँ’ तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यात सरस्वती, लक्ष्मी, पार्वती मत्सरी दाखवल्या आहेत, तेव्हा तो बंद करा, असा दावा गुजरातेत एका बाईंनी लावला होता. उच्च न्यायालयाने तो मानला नाही. धार्मिक भावना दुखावली म्हणून तो उपद्रव होत नाही. नको असेल तर पुन्हा पाहू नका, असा निकालाचा मथितार्थ.

मला तो रास्त वाटतो. व्रत मी घेतलंय, शेजारणीने नाही. तिच्या एक्झॉस्टचं तोंड थेट आपल्या खिडकीवर असेल तर ते वळवायला जरूर सांगा, मग आत मासे असोत की मिरचीची फोडणी. पण ‘अशांना घरच भाड्याने द्यायचं नाही’ या अर्जावर माझी सही मिळणार नाही.

आणि आपल्याकडून शेजारी काय जातं? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. आमच्याकडे चातुर्मासात पहाटे ५ वाजताच भोंग्यावर स्तोत्रं सुरू होतात, आणि समोरच्या चाळीत रात्रपाळी करून आलेली माणसं झोपलेली असतात. यंदा विश्वस्तांना भेटून वेळ बदलायला सांगणार आहे. बरोबर कोण कोण येतंय?