शब्दांची पारख : ‘शॅबी’ आणि ‘शॉडी’

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस ‘शॅबी’ व ‘शॉडी’ या दोन विशेषणांचा अर्थ विचारला, तर बहुधा दोहोंस ‘भिकार’ हेंच एक उत्तर मिळतें. १८७७ सालच्या जुन्या गिरणीची आठवण अद्याप सांगणाऱ्या सोलापुरांत तरी हा घोटाळा होऊं नये, असें आम्हांस वाटतें. कारण यांतील एक शब्द मुळांत कापडाचाच आहे.

१८१३ च्या सुमारास यॉर्कशायरमधील बॅटली गांवीं बेंजामिन लॉ यानें लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून पुन्हां सूत काढण्याची युक्ति शोधली. अशा मालास ‘शॉडी’ हें नांव पडलें. तेव्हां तें केवळ नाम होतें. त्यांत निंदा नव्हती. पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. सैनिकांचे गणवेश घाईघाईनें शिवले गेले, आणि कांहीं मक्तेदारांनीं हेंच कापड चांगल्या लोकरीचें म्हणून खपविलें. थोड्याच दिवसांत गणवेश अंगावर विरूं लागले. सैनिक उघडे पडले, मक्तेदार गब्बर झाले, आणि नामाचें विशेषण झालें.

तेव्हां ‘शॉडी’ म्हणजे नुसतें वाईट नव्हे. चांगल्याचें सोंग आणणारें वाईट. ‘शॅबी’ची कुळी निराळी. त्याचें मूळ खपली, खरूज अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांत सांपडतें. पण वस्तूंसंबंधीं त्याचा अर्थ वापरून विटलेलें, झिजलेलें, एवढाच. आपल्या घरांतील ‘जुनेर’ त्याच्या फार जवळ येतें. वीस वर्षें पांघरलेली, कांठ विरलेली सोलापुरी चादर ‘शॅबी’ खरी. तिला ‘शॉडी’ म्हणणें हा विणणाऱ्याचा अपमान होय. उलट, भलतीकडे विणून ‘सोलापुरी’ या नांवानें विकलेली, पहिल्याच धुण्यांत रंग सोडणारी कोरी चादर ‘शॉडी’, मग ती कितीही झगझगीत असो. सोलापुरी चादरीस २००५ सालीं भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली, ती असल्या मालापासून तिचें नांव राखण्यासाठींच.

वर्तनास लावतांना मात्र अर्थ पालटतो. गरीब नातलगास मुद्दाम शेवटच्या पंक्तीस बसविणें हें ‘शॅबी’ वर्तन, म्हणजे कोतेपणा. मन न घालतां उरकलेलें, वरून तेवढें नीट दिसणारें काम तें ‘शॉडी’. (सुनांच्या कामास हें विशेषण लावणाऱ्यांनीं आधीं स्वतःचें काम उलटून पाहावें!)

मराठीनेंही ‘चिंधी’स तुच्छतेचा अर्थ दिला; पण चिंध्यांच्याच गोधडीस दिला नाहीं. गोधडी आपल्या चिंध्या लपवीत नाहीं, हें त्याचें कारण असावें. पानिपतास आज जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढण्याचा मोठा धंदा चालतो, आणि भूकंप-पुरांत वांटलीं जाणारीं स्वस्त कांबळीं पुष्कळदां त्याच सुताचीं असतात. तेथील व्यापारी त्या सुतास उघडपणें ‘शॉडी’ म्हणतात. त्यांच्या भावपत्रकांत हा शब्द आढळल्यास तो नाम समजून वाचावा.