पक्षी पाहायचे तर आधी पंचांग पाहा

पक्षिनिरीक्षणाची सहल काढायची म्हटली की शाळेत प्रथम बसची चौकशी होते, मग डब्यांची, आणि शेवटी कोणाच्या मामाकडे दुर्बीण आहे याची. दिवस तर ठरलेलाच असतो : रविवार, नाहीतर २६ जानेवारी. पक्ष्यांना त्या दिवशी, त्या वेळी तेथे असणे सोयीचे आहे की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मीही विचारले नव्हते. काही वर्षांपूर्वी एका शाळेतील तीसेक मुलांना घेऊन मी शहाडहून शिवडीच्या धक्क्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायला गेलो. आम्ही दुपारी साडेतीनला पोहोचलो. समोर काठोकाठ पाणी, त्यावर चार-दोन कुरव, आणि दूर नांगरलेली गलबते. मुले तासभर थांबली, भेळ खाल्ली आणि परतली. गाडीत आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, पक्षी का नव्हते?" मी म्हणालो, "नशीब नव्हते आपले." भौतिकीच्या प्राध्यापकाने देऊ नये असे ते उत्तर होते, आणि त्याची टोचणी मला अजून आहे. कारण नशिबाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. घरी येऊन दिनदर्शिका पाहिली. त्या दिवशी पंचमी होती.

पंचमीचा आणि रोहित पक्ष्यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. मुंबईच्या कोळी बांधवांचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पंचमीला पावणेचार. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून पहाटेही तीच वेळ आणि दुपारीही साधारण तीच. आम्ही पावणेचारच्या भरतीला साडेतीन वाजता हजर झालो होतो! ज्या चिखलात पक्षी चरतात तो चिखलच पाण्याखाली होता.

हा हिशेब बरोबर का येतो, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज पटेल. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. ३० तिथी म्हणजे ३६० अंश. पृथ्वीला १५ अंश फिरायला एक तास लागतो, म्हणून १२ अंशांना ४८ मिनिटे. भरती मुख्यतः चंद्राच्या मागे चालत असल्यामुळे ती रोज सुमारे ४८ मिनिटांनी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तीन मिनिटांची चूक कोळ्यांनी सोडून दिली, कारण पाऊणकीचा पाढा त्यांना पाठ होता! मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणून गणती शून्यापासून सुरू करता येते. दुसऱ्या बंदराला हाच हिशेब जसाच्या तसा लागू पडेल असे समजू नये.

येथे थोडे विषयांतर करतो. पंचांग हातात घेऊन सहलीचा दिवस ठरवू लागलो तेव्हा आमच्या प्राध्यापक-कक्षात थट्टा झाली : "विज्ञानवाले आता मुहूर्त काढू लागले!" मुहूर्त आणि तिथी यांत मी फरक करतो. तिथी हे आकाशातले एक मोजमाप आहे. चंद्राची कोर पाहून ते कोणालाही पडताळता येते. त्या दिवशी प्रवास शुभ की अशुभ, हे मात्र कोणत्याही मोजपट्टीने मोजता येत नाही. पहिले घ्यावे, दुसरे सोडावे.

आता पूर्ण भरतीला पक्षी दिसत नाहीत, म्हणून पूर्ण ओहोटीला जावे काय? तेही नाही. ओहोटीला चिखलाचा पट्टा इतका दूरवर उघडा पडतो की पक्षी काठापासून फार लांब जातात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. योग्य वेळ या दोन्हींच्या मधली. पाणी सहा तासांत चढते, पण सारख्या वेगाने नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात १ भाग, मग २, ३, ३, २ आणि शेवटी १, असा ढोबळ क्रम असतो. समजा, त्या दिवशी पाणी ४ मीटर चढणार आहे. मग एकट्या तिसऱ्या तासात ते १ मीटर चढेल. चिखलाचा उतार ५०० मीटरला १ मीटर एवढाच असेल, तर त्या एका तासात पाण्याची कड अर्धा किलोमीटर पुढे सरकेल, आणि तिच्यापुढे चरणारे पक्षी आपोआप तुमच्याकडे ढकलले जातील. म्हणून भरतीच्या आधीचे तीन ते दोन तास हे सर्वांत चांगले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, हा प्रकार ठळक दिसतो. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला तितका नाही.

दुसरी गोष्ट सूर्याची. ठाण्याची खाडी दक्षिणोत्तर पसरलेली आहे. शिवडी आणि भांडुप तिच्या पश्चिम काठावर, तर ऐरोली पूर्व काठावर. सकाळी शिवडीहून पाहाल तर सूर्य डोळ्यांवर येईल आणि पक्षी काळ्या कागदाच्या कातरणासारखे दिसतील. त्याच वेळी ऐरोलीहून पाहाल तर ऊन पाठीमागे, आणि पंखांतला गुलाबी रंग स्वच्छ दिसेल. सकाळी पूर्व काठ, दुपारनंतर पश्चिम काठ. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही, तरी महागडे कॅमेरे घेऊन चुकीच्या काठावर उभी असलेली मंडळी मी नेहमी पाहतो.

या दोन गोष्टी जुळवल्या की दिवस कागदावरच आखता येतो. हिवाळ्यातील प्रतिपदेला भरती पाऊण वाजता. म्हणून सकाळी साडेनऊ ते अकरा ऐरोलीला असावे. त्याआधी सूर्योदयाला शहाडला उल्हास नदीच्या काठी तासभर काढावा. तेथे ढोकरी, गायबगळे, पाणकावळे, खंड्या, टिटवी आणि थंडीत पाहुणा आलेला धोबी, एवढे तर भेटतातच. मग लोकलने ठाणे आणि तेथून ऐरोली. ऐरोलीला वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून आहे. तेथील होडीच्या फेऱ्याही भरती-ओहोटी पाहूनच ठेवलेल्या असतात, म्हणून आधी चौकशी करावी. कांदळवनात किंवा चिखलात उतरू नये. गुडघाभर रुतल्यावर पाय निघत नाही. सोबत वही, पेन्सिल, पाणी आणि टोपी. वर्गात मिळून एक दुर्बीण असली तरी चालते.

तेथे गेल्यावर काय करावे, याबद्दल माझे मत जरा कडक आहे. किती जाती पाहिल्या याची यादी वाढवीत पळू नका. एक पट्टा निवडा आणि दर पंधरा मिनिटांनी तेथील पक्षी मोजा : रोहित किती, शेकाटे किती, तुतवार किती, आणि पाण्याची कड कोठे आहे. आखूड चोचीचे तुतवार ओल्या चिखलाच्या पृष्ठभागावर टोचत धावतात, लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू खोलवरचे किडे ओढून काढतो, आणि रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो व पाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून घेतो. कोण कोणत्या वेळी कोठे जातो हे आकड्यांतून दिसू लागते. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर बसून असेच पाहिले. घरटे नर बांधतो, मादी ते पसंत करते, आणि मग तो नर दुसरे घरटे बांधून दुसरी मादी मिळवतो, हे त्यांना समजले ते एकाच जागी टिकून बसल्यामुळे.

आकड्यांची गरज आणखी एका कारणाने आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे मोठे थवे १९९० नंतरच्या दशकापासून दिसू लागले. आता त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. २०१५ साली येथे अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर यादीत खाडीचे नाव गेले. पण हे पक्षी का आले? शहरांच्या सांडपाण्याने खाडीतले शैवाल वाढले, हे एक कारण अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या घाणीची आपल्याला लाज वाटावी तीच त्यांच्या मेजवानीला कारण झाली असेल. मग पाणी स्वच्छ झाले तर पक्षी कमी होतील का? भरतीच्या वेळी ते खाडी सोडून नेरुळच्या बाजूच्या तलावांवर विसाव्याला जातात. ते तलाव आटले किंवा बुजले तर भरतीचे हे तास ते कोठे काढतील? २०२४ साली तेथील एका तलावावरून वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाला. अशा वादात "पूर्वी खूप पक्षी होते हो" या वाक्याला किंमत नसते. तारीख, तिथी, वेळ आणि संख्या लिहिलेल्या वहीला असते, मग ती आठवीतल्या मुलीची का असेना.

शिक्षकांना एक विनंती. सहलीआधी आदल्या दिवशी मुलांकडून भाकीत लिहून घ्या : भरती किती वाजता, पक्षी कोणत्या वेळी सर्वांत जवळ, किती. दुसऱ्या दिवशी ते ताडून पाहा. भाकीत चुकले तरी ती सहल माझ्या शिवडीच्या सहलीपेक्षा चांगली झाली म्हणायची.

आणि कल्याण-शहाडच्या विद्यार्थ्यांसाठी घरच्या घरी करण्यासारखा एक प्रयोग. उल्हास नदी दुर्गाडी किल्ल्याखाली पोहोचते तेव्हा ती खाडी झालेली असते. मुंबईच्या बंदरातली भरती तेथपर्यंत चढून यायला वेळ लागतो, म्हणजे कोळ्यांचा पाऊणकीचा हिशेब तेथे उशिरा खरा ठरणार. किती उशिरा? मोठ्या माणसाला सोबत घ्या, सुरक्षित काठावरून दिसणाऱ्या एखाद्या दगडाची किंवा खांबाची खूण धरा आणि पाणी सर्वांत वर केव्हा येते ते द्वितीयेला, पंचमीला व अष्टमीला घड्याळ लावून लिहा. मिळालेली मिनिटे मला संपादकांच्या पत्त्यावर कळवा.