'अजून एकदा' किती वेळा?



आमच्या सल्ला केंद्राचं जुनं रजिस्टर परवा चाळत होतो. शेवटचा रकाना 'निष्पत्ती'. तिथं 'समेट' लिहिताना आम्हाला बरं वाटायचं. 'वेगळी राहते' लिहिताना मात्र हात अडखळायचा, जणू केस हरलो. एका नावापुढे तीनदा 'समेट' आहे. चौथ्यांदा ती आली ती रडली नाही, नवऱ्याची तक्रारही तिनं केली नाही. वेगळ्या रेशन कार्डाला काय काय कागद लागतात, एवढंच विचारलं. तरी आम्ही म्हटलंच, "अजून एकदा बोलून बघू या का?" ती म्हणाली, "ताई, माझं बोलून झालंय."

नातं कधी सोडायचं, याचं मोजमाप आपल्याला हवं असतं. मारहाण असेल तर निदान आपल्यात तरी वाद नाही. पण जिथं हात उगारला जात नाही, नुसता अबोला, नुसती तुच्छता असते, तिथं "मारत तर नाही ना?" हा प्रश्न आई विचारते, पोलीस विचारतात आणि कबूल करायला हवं, कधी कधी आपणही विचारतो. अनुभव असा, की बाई भांडते तोवर तिला आशा असते. ती गप्प होऊन हिशेब करू लागते, खोलीचं डिपॉझिट, मुलांची फी, दागिने कोणाकडे आहेत, तेव्हा बहुतेक वेळा निर्णय झालेला असतो. तिला आता समुपदेशन नको, माहिती हवी असते.

रखमाबाईंचंही ठरलेलंच होतं. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्यानं 1884 मध्ये दावा लावला. 1887 मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

आज 2005 च्या कायद्यानं राहत्या घरावर हक्क दिला आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची वाट कोर्ट माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये स्पष्ट केलं. पण हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 जागेवर आहे, आणि बाईनं पोटगी मागितली की 'नांदायला ये' अशी नोटीस हमखास येते. (इतकी वर्षं न नेणाऱ्याला तेव्हाच बरी आठवण होते!)

याच्या उलट चूकही आपण करतो. "अजून तिथंच?" असं सहज बोलून जातो. मुलाची दहावी होऊ दे म्हणून थांबणारी बाई घाबरट नसते; दिवस तिनं ठरवायचा. आणि सुटका झाली म्हणजे दुःख नाही, असंही नाही. एकीचा घटस्फोट झाला तेव्हा आम्ही उत्साहानं पेढे नेले. ती पुडा मांडीवर ठेवून तासभर रडली. तेरा वर्षं गेली होती तिची. पेढे तसेच राहिले.

'निष्पत्ती' हा रकाना आम्ही खोडला आहे. तिथं आता 'ती काय मागायला आली होती' असं लिहितो. रेशन कार्डाच्या कागदांची यादी मोठ्या अक्षरात केंद्राच्या दाराशी लावली आहे. तुमच्या गटानं अशी यादी केली असेल, तर जरूर पाठवा.