परतावा म्हणजे कमाई नव्हे

बँकेत उमेदीची सारी वर्षे काढली की माणसाला एक खोड लागते. ‘परत मिळेल’ असे कोणी म्हणाले, की ‘किती कापून?’ हा प्रश्न आपसूक तोंडी येतो. परवा जावईबापूंच्या नव्या विजेच्या गाडीतून पुण्याहून मुंबईला निघालो. बोरघाट उतरताना ते कौतुकाने म्हणाले, “बाबा, बघा, गाडी थांबवली की बॅटरी भरते!” मी तोच प्रश्न विचारला.

गोष्ट खोटी नव्हे. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की चाके फिरवणारी मोटार उलट चाकांकडून फिरवली जाते, जनित्र बनते आणि वीज बॅटरीत धाडते. पेट्रोलच्या गाडीत हीच शक्ती ब्रेक तापवून हवेत विरते. दिल्ली मेट्रोने अशीच वीज वाचवली आणि २००७ साली त्या प्रकल्पाची नोंद संयुक्त राष्ट्रांकडेही झाली.

पण हिशेब मांडू या. माणसांसह सतराशे किलोंची गाडी ५०० मीटर उतरते, तेव्हा सव्वादोन युनिटांइतकी शक्ती मोकळी होते. त्यातला वाटा हवा आणि टायर आधीच घेतात. उरलेल्यातून मोटार व बॅटरी आपली दलाली कापतात. शिवाय हा घाट येताना चढलोच होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या त्याच गाडीच्या गतीत युनिटाचा जेमतेम पंधरावा हिस्सा असतो. वेग दुप्पट केला, की तो चौपट होतो.

म्हणूनच परताव्याची पातळी सर्वांत वर ठेवली म्हणजे गाडी सर्वांत दूर जाईल, हा समज फसवा आहे. घाटात आणि शहराच्या गर्दीत वरची पातळी उपयोगी. ब्रेकही कमी तापतात. मोकळ्या रस्त्यावर मात्र गाडीला आपल्या वेगात वाहू द्यावे. आधी जोरात पळवायचे, मग थांबवून परतावा घ्यायचा, हे अनावश्यक कर्ज काढून व्याजात सूट मिळाल्याचा आनंद मानण्यासारखे आहे.

आणखी एक. लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरायला लागलात, तर परत आलेली वीज ठेवायची कुठे? मग मोटारीचा रोध कमी होतो आणि सवयीच्या भरवशावर असलेला पाय ऐन वळणावर गोंधळतो. पातळी कोणतीही असो, ब्रेकचा विसर पडता कामा नये. गाडी ताब्यात देताना आमच्या जावईबापूंना हे कोणी सांगितले नव्हते.

खोपोली आली. मागून सौभाग्यवती म्हणाल्या, “जावईबापू, तुमची बॅटरी भरली असेल, माझं मात्र पोट ढवळलं!” त्यांनी निमूटपणे पातळी खाली आणली, पुढच्या ट्रकपासून अंतर वाढवले आणि पाय हलका केला. पनवेलपर्यंत गाडी संथ, एका लयीत चालली. खरी बचत तिथे सुरू झाली.