एआयनं काही तासांत औषध शोधलं? चिकलठाण्यातल्या अँटिबायोटिकची गोष्ट समजून घ्या

एआयनं काही तासांत नवं औषध शोधून काढलं, अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. ती खोटीच असते असं नाही, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी आपल्याकडेच पाहायला मिळते.

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून जालना रोडनं विमानतळाच्या दिशेनं गेलं की चिकलठाणा एमआयडीसी लागते. तिथे वोक्हार्ट कंपनीचं संशोधन केंद्र आहे. नॅफिथ्रोमायसिन आणि झिडेबॅक्टम या जिवाणूंविरुद्धच्या दोन नव्या औषधांवर तिथल्या शास्त्रज्ञांनी काम केलं आहे.

नव्या औषधांची गरज का आहे? औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार लोकांचा थेट मृत्यू झाला, असा अंदाज आहे.

प्रथिनाची रचना म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती घडी पडून एक ठरावीक आकार घेते आणि त्या आकारात खाचा, कप्पे तयार होतात. बरीचशी औषधं अशाच एखाद्या कप्प्यात जाऊन बसतात आणि त्या प्रथिनाचं काम बंद पाडतात.

हे आकार प्रोटीन डेटा बँकेत साठवलेले असतात. १९७१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथे फक्त ७ रचना होत्या, आज २ लाखांहून जास्त आहेत. अल्फाफोल्ड या एआयनं तर २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचा अंदाज बांधला. त्यामागच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

ही सगळी माहिती मोफत आहे. डॉकिंगचं मोफत सॉफ्टवेअर घेऊन कोणताही विद्यार्थी हजारो रेणू कप्प्यात बसवून पाहू शकतो आणि कोणता रेणू चांगला बसतो याची यादी काढू शकतो. रीलमधले 'काही तास' बहुतेक वेळा इथेच संपतात.

झिडेबॅक्टम नेमकं काय करतं?

जिवाणूभोवती एक भिंत असते. ती बांधणारे गवंडी म्हणजे पीबीपी नावाची प्रथिनं. सेफेपिम हे जुनं अँटिबायोटिक त्यातल्या पीबीपी-३ ला पकडतं, तर झिडेबॅक्टम पीबीपी-२ ला. दोन्ही गवंडी एकाच वेळी अडले की भिंत टिकत नाही.

याचं महत्त्व भारताला जास्त आहे. काही जिवाणू एनडीएम नावाचं एन्झाइम बनवतात आणि त्यानं अनेक ताकदवान अँटिबायोटिकं तोडून टाकतात. या नावातला 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. झिडेबॅक्टम एनडीएमला रोखत नाही, पण एनडीएमही त्याला तोडू शकत नाही. त्यामुळे दुहेरी मारा चालू राहतो.

हे रेणू कप्प्यात कसे बसतात, हे क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या संशोधकांनी वोक्हार्टच्या शास्त्रज्ञांसोबत क्रिस्टल रचनांमधून दाखवलं. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधात पुढे काय बदल करता येतील, हे अशा चित्रावरून कळतं.

कप्प्यात बसलं म्हणजे औषध झालं का?

नाही. टेलिथ्रोमायसिनचं उदाहरण घ्या. जिवाणूचा प्रथिनं बनवणारा कारखाना म्हणजे रायबोसोम. त्यात हे औषध नीट बसत होतं. २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरीही मिळाली. पुढे काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याचं समोर आलं आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं तीनपैकी दोन आजारांसाठीची परवानगी काढून घेतली. रायबोसोमचा आकार पाहून यकृताचं काय होईल हे कळत नाही.

नॅफिथ्रोमायसिन याच कुळातलं आहे. न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, असं तीन दिवस ते घ्यायचं असतं. २० नोव्हेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं त्याची घोषणा केली, तेव्हा त्यामागे १४ वर्षं आणि सुमारे ५०० कोटी रुपये लागल्याचं सांगितलं. हा वेळ आणि पैसा प्रयोगशाळा, प्राणी आणि शेवटी माणसांवरच्या चाचण्यांत जातो.

मग कॉम्प्युटरचा उपयोग काय?

न चालणारे हजारो रेणू तो सुरुवातीलाच बाजूला काढतो. त्यामुळे प्रयोगशाळेचा खर्च मोजक्या रेणूंवर होतो, हा फायदा मोठा आहे. पण पुढच्या चाचण्या चुकत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी अशी रील आली की शेअर करण्याआधी एकच बघा: हे औषध कॉम्प्युटरवर चाललंय, उंदरावर, की माणसावर? आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेण्याआधी आठवा, त्याच्या जागी दुसरं औषध यायला १४ वर्षं लागू शकतात.