ट्रॅक्टर स्वस्त झाला, ट्रॉलीचा हूक मात्र तसाच : आखाडा बाळापूर परिसरातील ऊस-हळद वाहतूक आणि सुरक्षित जोड

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि ब्रेकसह अनेक सुट्या भागांवरील करही 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत 7 लाख रुपये असलेल्या ट्रॅक्टरमागे त्यामुळे 49 हजार रुपये वाचतात. त्यानंतर लगेच, 1 नोव्हेंबरपासून, राज्यात 2025-26 चा ऊस गाळप हंगाम सुरू झाला. आखाडा बाळापूर आणि कळमनुरी तालुक्यात सोयाबीन, ऊस आणि हळद यांची वाहतूक एकामागून एक येते. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत ट्रॉली क्वचितच उभी राहते.

नवा ट्रॅक्टर घेताना चर्चा होते ती अश्वशक्ती, डिझेल आणि हप्त्याची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधला हूक व पिन यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. पिन हरवली तर तिच्या जागी सळईचा तुकडा घातला जातो. अश्वशक्ती वाढली म्हणून ट्रॉली मोठी होते किंवा एकामागे दोन जोडल्या जातात, जोड मात्र पूर्वीचाच राहतो. वाचलेल्या पैशांतील थोडा भाग या जोडावर आणि ब्रेकवर खर्च करणे का आवश्यक आहे, याचे हे विश्लेषण.

मोठ्या ट्रेलरचे ‘पाचवे चाक’ काय शिकवते?

बाळापूर-वारंगा फाटा मार्गावर लांबलचक ट्रेलर रोज दिसतात. त्यांच्या पुढच्या घोड्यावर (ओढणाऱ्या गाडीवर) एक गोल, ग्रीस लावलेली जाड लोखंडी थाळी असते. तिला ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे पाचवे चाक म्हणतात. ट्रेलरच्या खालची किंग पिन या थाळीच्या खाचेत शिरते आणि जबडा तिला पकडतो. या जोडातील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, थाळी मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे असते. त्यामुळे ट्रेलरचा भार चाकांवर सरळ खाली येतो आणि घोड्याचे पुढचे टोक उचलले जात नाही. दुसरी, दोन इंची (50.8 मिमी) किंग पिन झिजून 49 मिमीवर आली की ती बाद धरतात. म्हणजे दोन मिमीसुद्धा झीज चालवून घेत नाहीत. तिसरी, जोडल्यावर चालक खाली उतरून थाळीत फट नाही ना आणि लॉक बसले ना हे पाहतो. मग ट्रेलरचे ब्रेक दाबून घोडा हलकेच पुढे ओढून खात्री करतो.

ट्रॅक्टरची रचना वेगळी आहे. त्याचा हूक मागच्या आसाच्या मागे असतो, म्हणून हुकावर पडणारे वजन पुढची चाके हलकी करते. एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचे वजन 2,000 किलो, त्यातील 800 किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या व मागच्या आसातील अंतर 2 मीटर आणि हूक मागच्या आसापासून 70 सेंमी मागे. हुकावर 1,000 किलो भार पडला तर पुढच्या चाकांवरचे 350 किलो कमी होतात आणि 450 किलो उरतात. स्टिअरिंग नीट चालण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान 20 टक्के, म्हणजे येथे 400 किलो, भार पुढे असावा लागतो. सपाट रस्त्यावर हा ट्रॅक्टर कसाबसा निभावतो. कालव्याच्या भरावावर चढताना उरलेले 50 किलोही जातात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही.

धुरजड आणि उलाळ : बैलगाडीचा हिशेब ट्रॉलीलाही लागू

बैलगाडी भरताना जुनी माणसे गाडी धुरजड होते की उलाळ, हे पाहत असत. धुरजड झाली तर बैलांच्या मानेवर भार येतो, उलाळ झाली तर जू वर उचलले जाते. एका आसाच्या ट्रॉलीचे गणित हेच आहे.

- माल पुढे जास्त भरला तर : हुकावर भार वाढतो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, हूक आणि त्याचे बोल्ट ताणले जातात.
- माल मागे जास्त भरला तर : ट्रॉलीचा दांडा हुकाला वर उचलतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते, उतारावर ब्रेक लागत नाही आणि क्लिप नसलेली पिन उडते. ट्रॉलीच्या मागे लोंबणारा ऊस हा धोका वाढवतो.

म्हणून एका आसाच्या ट्रॉलीत माल आसाच्या किंचित पुढे झुकता ठेवावा. ट्रॉली व माल यांच्या एकूण वजनाच्या सुमारे 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा, पण तो ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नसावा. दोन आसांच्या, पुढची चाके वळणाऱ्या ट्रॉलीचा भार हुकावर जवळजवळ येत नाही. तिथे मुख्य प्रश्न ओढ आणि ब्रेकचा असतो.

हळदीच्या पोत्यांचा भार समान लावता येतो. उसाच्या मोळ्यांचे तसे नसते. पहिले थर आसाच्या पुढे-मागे सारखे पडले आहेत ना, हे चालकाने भरतानाच पाहावे. ट्रॉली भरल्यावर हे दुरुस्त करता येत नाही.

दोन ट्रॉल्या, एकच पिन

दोन ट्रॉल्या जोडल्या की दुसरीची ओढ पहिलीच्या सांगाड्यातून येऊन शेवटी ट्रॅक्टरच्या एकाच हुकावर पडते. दोन ट्रॉल्यांचे मालासह वजन 16 टन धरले, तर दहा फुटांत एक फूट चढ असलेल्या रस्त्यावर केवळ चढामुळे 1.6 टन ओढ पिनवर येते. चिखलाचा अडथळा आणि क्लच झटक्याने सोडल्याचा हिसका यात धरलेला नाही. पिन बहुधा अशा हिसक्यालाच तुटते, आणि तीही आधी झिजलेली किंवा चीर गेलेली असते.

उतरताना हेच वजन मागून ढकलते. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर ट्रॅक्टरने ब्रेक दाबल्यावर ट्रॉली त्याला बाजूला लोटते आणि दोन्ही कात्रीसारखे दुमडतात. म्हणून रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावलेलीच हवी. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. उतारावर न्यूट्रल करू नये किंवा क्लच दाबून ठेवू नये.

नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20 हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला 2 हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

हूक बसवताना

1. हूक ट्रॅक्टर कंपनीने दिलेल्या जागीच बसवावा. उंची वाढवण्यासाठी मधे पट्ट्या किंवा लोखंडी ठोकळे घालू नयेत.
2. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो. ती त्याची ताकद आहे. बदलताना त्याच आकड्याचा व त्याच मापाचा बोल्ट घ्यावा. बिनआकड्याचा बोल्ट चालवू नये.
3. नवा हूक बसवल्यावर पहिल्या काही तासांच्या कामानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. नंतर आठवड्यातून एकदा तपासावेत.
4. चीर गेलेल्या हुकाला किंवा पिनला वेल्डिंग करून वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे लोखंड ठिसूळ होते आणि नवी चीर तिथूनच सुरू होते. भाग बदलावा.
5. पिन हुकाच्या व दांड्याच्या भोकाच्या मापाची असावी. सैल पिन प्रत्येक खड्ड्यात घणासारखी आपटते. सळई किंवा साधा बोल्ट ही पिन नव्हे.
6. पिनला खाली क्लिप हवीच. ती दोरीने किंवा बारीक साखळीने ट्रॅक्टरला बांधून ठेवली की हरवत नाही.
7. ट्रॉली सपाट जमिनीवर जोडल्यावर दांडा जवळजवळ आडवा असावा.
8. पूर्ण वळणात दांडा मागच्या टायरला, लिफ्टच्या दांड्यांना किंवा पीटीओला घासत नाही ना, हे रिकाम्या ट्रॉलीने पाहावे.

जोडताना आणि सोडताना

- ट्रॉली सपाट जागी उभी करावी. तिच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि दांडा स्टँडवर ठेवावा. खांद्यावर उचलून धरू नये.
- ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मधे कोणीही उभे राहू नये. खूण करणारा माणूस बाजूला, चालकाला दिसेल असा असावा. बहुतेक वेळा पिन धरून मधे उभा असतो तो घरातलाच मुलगा किंवा मजूर असतो.
- ट्रॅक्टर थांबला, हँडब्रेक लागला, इंजिन बंद झाले, की मगच मधे जाऊन पिन घालावी.
- सुरक्षा साखळी दांड्याखालून फुलीसारखी आडवी-तिडवी बांधावी. पिन तुटली तर दांडा जमिनीत न रुतता साखळीवर टेकतो. वळता येईल एवढीच ढील ठेवावी. साखळी भरलेल्या ट्रॉलीचे वजन पेलणारी असावी.
- पहिल्या गिअरमध्ये चार-पाच फूट हळू पुढे जाऊन थांबावे, उतरून पिन, क्लिप आणि साखळी पुन्हा पाहावी. पाचव्या चाकाची ओढ-चाचणी ती हीच.
- सोडताना आधी चाकांना दगड, मग स्टँड, शेवटी पिन. भरलेली, उलाळ ट्रॉली सोडली तर दांडा वर उसळतो, म्हणून शक्यतो रिकामी करूनच सोडावी.

फसलेली ट्रॉली ओढताना सर्वांत जास्त सावधगिरी

ओल्या काळ्या रानात उसाची ट्रॉली फसली की दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन करून ती काढतात. साखळी ट्रॅक्टरच्या वरच्या लिंकच्या जागी किंवा आसाच्या वर कुठेही अडकवली, तर ओढ आसाच्या वरून लागते. फसलेली ट्रॉली हलत नाही, चाके फिरायला जागा मिळत नाही, मग ट्रॅक्टरच आसाभोवती फिरून मागे उलटतो. हे एक-दोन सेकंदांत घडते आणि चालकाला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

साखळी नेहमी खालच्या हुकाला किंवा ड्रॉबारलाच लावावी. क्लच हळू सोडावा, हिसके देऊ नयेत. साखळी तुटली तर ती झटक्याने मागे-पुढे उडते, म्हणून तिच्या लांबीच्या दुप्पट अंतरात कोणी उभे राहू नये. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ऊस उतरवावा. अर्धा ऊस उतरवायला तास-दोन तास लागतात, पण चालकाचा जीव वाचतो.

ट्रॉलीत माणसे : गुंजची घटना विसरू नये

4 एप्रिल 2025 रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात मजुरांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातील गुंज येथील 7 महिला मजुरांचा त्यात मृत्यू झाला. हा अपघात हुकाचा होता असे येथे म्हणायचे नाही. मुद्दा असा की ट्रॉली घसरली, सुटली किंवा उलटली, तर आत बसलेल्या माणसाला धरायला काही नसते आणि उडी मारायला वेळ नसतो.

हळद काढणीच्या दिवसांत बाळापूर परिसरातही सकाळी मजूर ट्रॉलीतून शेतात जातात. शेतीसाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसलेल्या मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये विमा कंपनी जबाबदार नाही असे मानले. मजुराला भरपाई मिळावी म्हणून कंपनीने ती द्यावी आणि ट्रॅक्टर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. म्हणजे शेवटी बोजा मालकावरच येतो. मजुरांसाठी प्रवासी वाहन ठरवून त्याचे भाडे मजुरीच्या हिशेबात आधीच धरणे, हाच सरळ मार्ग आहे.

काय करता येईल?

सध्या जोडाची तपासणी प्रत्येक चालकाच्या मर्जीवर सोडलेली आहे. ती तीन ठिकाणी नेमाने करता येईल. ऊस वाहतुकीचे करार होतात तेव्हा कारखान्यांनी कागदपत्रांबरोबर हूक, पिन, सुरक्षा साखळी, ट्रॉलीचे ब्रेक आणि मागचे रिफ्लेक्टर पाहावेत. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि सहायक कृषी अधिकारी यांनी हंगामापूर्वीच्या गावबैठकीत पिकाच्या माहितीबरोबर अर्धा तास प्रत्यक्ष ट्रॉली जोडून दाखवावी. आणि नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याने विक्रेत्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : हुकावर उभा भार किती चालतो आणि ओढता येणारे एकूण वजन किती. हे दोन आकडे मडगार्डवर रंगवून ठेवले, तर ट्रॉली भरताना चालकाला मालकाशी वाद घालावा लागत नाही.

जुना ट्रॅक्टर असणाऱ्यांनी या आठवड्यात एवढे करावे : पिन काढून पुसावी आणि नखाने चाचपावी. नख अडकेल अशी खाच किंवा चीर लागली, तर ट्रॉलीची पुढची खेप नव्या पिनवरच न्यावी.